बाळसे धरण्याची वाट पाहू नका : जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाचे संगोपन

जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाच्या घरी एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘अजून लहान आहे, जरा बाळसे धरू द्या, मग ऑपरेशनचे पाहू.’ हा सल्ला घरातील वडीलधारे देतात, शेजारी देतात आणि क्वचित गावातील डॉक्टरही देतात. त्यामागे काळजीच असते. काही दशकांपूर्वी त्यात तथ्यही होते, कारण तीन किलोच्या बाळाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेणे तेव्हा फार धोक्याचे मानले जाई. आता ती परिस्थिती राहिलेली नाही. ज्या बाळाचे वजन हृदयातील दोषामुळेच वाढत नाही, त्याचे वजन वाढेपर्यंत उपचार लांबवणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतत बसणे होय. भारतात अशा बालकांना जो विलंब भोवतो, त्यातील बराचसा या एका गैरसमजातून आलेला असतो.

जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. देशातील जन्मांची संख्या पाहता दरवर्षी दोन लाखांहून अधिक अशी बालके जन्मतात आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. उरलेल्यांपैकी अनेकांचे दोष किरकोळ असतात. काही लहान छिद्रे तर आपोआप बुजतात. अडचण अशी की, आपले बाळ यांपैकी कोणत्या गटात आहे हे केवळ पाहून पालकांना सांगता येत नाही. ते इकोकार्डिओग्राफीने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेच कळते, आणि ती लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञाने केलेली असेल तर अधिक चांगले.

जन्मतः ठणठणीत वाटलेले बाळ पंधरा दिवसांनी किंवा महिन्याभराने धापा टाकू लागते, तेव्हा घरचे चक्रावून जातात. याचे उत्तर गर्भावस्थेतील रक्ताभिसरणात आहे. गर्भाची फुप्फुसे काम करीत नसतात. प्राणवायू वारेतून येतो. त्यामुळे निसर्गाने रक्ताला फुप्फुसांना वळसा घालण्यासाठी दोन वाटा ठेवलेल्या असतात : हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील एक खिडकी आणि महारोहिणीला फुप्फुसरोहिणीशी जोडणारी एक नलिका. जन्मानंतर ही नलिका साधारणपणे पहिल्या काही दिवसांत बंद होते. ज्या बाळाचे प्राण याच नलिकेवर अवलंबून असतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंवा पहिल्या आठवड्यात एकाएकी निळे पडते अथवा गळून जाते. आणि नेमके तोवर माता-बालकाला घरी सोडलेले असते. ही नलिका काही काळ उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देता येते. योग्य केंद्रात पोहोचेपर्यंतचा वेळ त्याने मिळतो.

खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असलेल्या बाळाची गोष्ट वेगळी. जन्माच्या वेळी फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असल्याने त्या छिद्रातून फारसे रक्त जात नाही. चार ते आठ आठवड्यांत हा दाब उतरतो आणि मग फुप्फुसांकडे रक्ताचा लोंढा वाहू लागतो. म्हणूनच दीड-दोन महिन्यांचे बाळ अचानक दूध पिताना थकू लागते. या बाळाचा रंग निळा नसतो, ते गोरेपान किंवा सावळे जसे असेल तसेच दिसते, आणि त्यामुळेच घरच्यांचा हृदयाकडे संशय जात नाही.

प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वी एक साधी तपासणी करून घेता येते. जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजतात. ते ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असावे आणि हात व पाय यांतील फरक ३ टक्क्यांहून जास्त नसावा. कमी भरल्यास इको करून घ्यावा लागतो. ही तपासणी वेदनारहित आहे आणि काही मिनिटांत आटोपते. तरीही ती सर्वत्र होतेच असे नाही, म्हणून पालकांनी स्वतःहून विचारावे. करोनाकाळात घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर मात्र प्रौढांसाठी बनवलेले असतात; तान्ह्या बाळाच्या बोटावर त्यांचा आकडा भरवशाचा नसतो. शिवाय केवळ छिद्र असलेल्या बाळात हे प्रमाण सामान्यच येते, हेही ध्यानात ठेवावे.

कोणत्या दोषाला किती अवधी

पालकांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावयाचा प्रश्न ‘ऑपरेशन करावे लागेल का’ एवढाच नाही. ‘कोणत्या वयापर्यंत झाले पाहिजे’ हा त्याहून महत्त्वाचा आहे. दोषागणिक याचे उत्तर बदलते.

महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांची जागा उलटसुलट झालेली असेल, तर त्यांची अदलाबदल करणारी शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते. त्यानंतर हृदयाचा डावा खालचा कप्पा कमी दाबाची सवय लागून दुबळा होतो आणि पुढे साऱ्या शरीराला रक्त पुरवण्याचे काम त्याला झेपत नाही. ही शस्त्रक्रिया ब्राझीलमधील साओ पाउलो येथे अडीब जटेने यांनी १९७५ मध्ये प्रथम यशस्वी केली. त्यापूर्वी या बालकांसाठी एवढा समाधानकारक उपाय नव्हता. आज वेळेत आलेल्या बाळाचे आयुष्य बहुतांशी इतर मुलांसारखेच जाते. खालच्या पडद्यातील मोठे छिद्र किंवा मोठी राहिलेली नलिका असेल आणि औषधांनी धाप आटोक्यात येत नसेल, तर वय व वजन न पाहता लवकर शस्त्रक्रिया करतात. आटोक्यात असली तरी ती पहिल्या वर्षाच्या आतच उरकतात. याउलट वरच्या पडद्यातील छिद्र बहुधा दोन ते चार वर्षांच्या वयात बंद केले जाते, आणि अनेकदा मांडीच्या शिरेतून नळी घालून, छाती न उघडता. तेथे घाई करण्याचे कारण नसते.

मोठ्या छिद्राच्या बाबतीत विलंबाची किंमत फुप्फुसे चुकवतात. सततच्या जादा दाबाने त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड व अरुंद होत जातात आणि एका टप्प्यानंतर हा बदल परतवता येत नाही. मग छिद्र बंद करणेच घातक ठरते. फसवी बाब ही की, या वाटेवर मध्ये काही काळ बाळाची धाप कमी होते, वजनही थोडे वाढते, आणि ‘बघा, सुधारले’ असे म्हणून पाठपुरावा थांबतो. वास्तविक ती सुधारणा नसून दार बंद होत असल्याची खूण असू शकते. औषधे न वाढवता धाप आपोआप कमी झाली, तर त्याच आठवड्यात पुन्हा इको करून घ्यावा.

विलंबाचे आणखी एक कारण आहे, त्याबद्दल बोलणे टाळले जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हृदयशस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक मुलग्यांची शस्त्रक्रिया वर्षभरात झाली, तर मुलींपैकी निम्म्याहून कमी जणींची झाली. छातीवरील व्रणामुळे पुढे लग्नाला अडचण येईल, ही भीती त्यामागील कारणांत होती. हा व्रण काळाने पुसट होतो. न केलेल्या शस्त्रक्रियेचे परिणाम पुसट होत नाहीत.

दूध, वजन आणि घड्याळ

शस्त्रक्रियेपूर्वीचे आठवडे घरी काढावे लागतात तेव्हा पालकांचे खरे काम एकच असते : बाळाचे पोट भरणे. हृदयदोष असलेल्या बाळासाठी दूध ओढणे हा आपल्या धावण्यासारखा व्यायाम असतो. ते चार घोट घेते, थांबते, धापते, पुन्हा घेते. कपाळावर घामाचे थेंब जमतात. पोट भरण्याआधीच झोपी जाते आणि अर्ध्या तासात भुकेने रडते. आईला वाटते, आपले दूध पुरत नाही. दूध पुरेसे असते, ओढण्याची ताकद पुरत नसते. त्यात या बाळाची ऊर्जेची गरजही जास्त. निरोगी तान्ह्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १०० ते ११० किलोकॅलरी पुरतात, तर या बाळाला १२० ते १५० लागू शकतात. म्हणजे खर्च जास्त आणि मिळकत कमी, असा हा संसार असतो.

यावर उपाय आहेत. दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पाजावे. एका वेळचे पाजणे २० ते ३० मिनिटांपलीकडे लांबवू नये, कारण त्यापुढे जेवढे मिळते त्याहून अधिक खर्च होते. तेवढ्या वेळात पोट भरले नाही, तर उरलेले आईचेच काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. पाजण्याच्या अखेरीस येणारे दूध अधिक स्निग्ध असते, म्हणून आरंभीचे थोडे दूध आधी काढून ठेवून मग बाळाला पाजण्याचा सल्ला काही डॉक्टर देतात. बाळाचे डोके व छाती किंचित उंच ठेवावी. एवढ्यानेही वजन वाढले नाही, तर नाकातून जठरात जाणारी बारीक नळी घालतात आणि पालकांना ती वापरण्यास शिकवतात. नळी पाहून घरात रडारड होते खरी. परंतु बाळाची दमछाक तिने वाचते. दुधात पूरक ऊर्जा मिसळायची की नाही, आणि किती, हे केवळ डॉक्टरांनीच ठरवावे. बाळघुटी, मध, वरचे पाणी या गोष्टी तर कोणत्याच तान्ह्या बाळाला देऊ नयेत. औषधे चालू असलेल्या या बाळाला मुळीच नाहीत.

वजन दर आठवड्याला, शक्यतो एकाच काट्यावर, कपडे उतरवून करावे. अंगणवाडीतील काटा त्यासाठी उपयोगी पडतो. पहिल्या काही महिन्यांत निरोगी बाळाचे वजन दिवसाला २० ते ३० ग्रॅमने वाढते. आपल्या बाळाचे त्याहून कमी वाढेल, पण ते दोन आठवडे जागचे हलले नाही तर पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. आणि उलट, एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढले, पापण्यांवर सूज आली, तर ते बाळसे नव्हे. शरीरात पाणी साठते आहे. हा भेद न समजल्याने आनंद मानला गेल्याची उदाहरणे डॉक्टर सांगतात.

बहुतेक बाळांना लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड दिले जाते, काहींना डिगॉक्सिनही. या औषधांची मात्रा वजनावर ठरते आणि ती मिलिलिटरच्या अंशांत असते. ती घरातल्या चमच्याने नव्हे, तर औषधासोबत मिळणाऱ्या पिचकारीनेच मोजावी. बाळाने औषध ओकून टाकले, तर मनाने दुसरी मात्रा देऊ नये; विशेषतः डिगॉक्सिनच्या बाबतीत जास्त मात्रा जिवावर बेतू शकते.

केव्हा धावायचे

शांत झोपलेल्या बाळाचे पोट पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पाहावे. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास जलद समजले जातात. हृदयदोषाच्या बाळाचे श्वास एरवीही जास्त असू शकतात, म्हणून चांगल्या दिवशीचा त्याचा नेहमीचा आकडा लिहून ठेवावा. तो ओलांडला, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, दूध निम्म्यावर आले, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओठ व जीभ निळी पडणे, बाळ निपचित होणे यासाठी मात्र तासही दवडू नये. थंडीत केवळ तळहात-तळपाय निळसर दिसणे बहुधा सामान्य असते, जीभ पाहावी.

‘टेट्रालॉजी’ नावाच्या दोषात फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. या बाळांना निळे होण्याचे झटके येतात, बहुधा सकाळी उठल्यावर, रडल्यावर, पाजल्यावर किंवा शौचाच्या वेळी. बाळ अधिकाधिक निळे पडते, खोल व भरभर श्वास घेते आणि मग मलूल होते. अशा वेळी त्याला उताणे निजवून किंवा खांद्याशी धरून त्याचे दोन्ही गुडघे छातीशी घट्ट दुमडून धरावेत, त्याला शांत करावे आणि लगेच रुग्णालयाकडे निघावे. घरातील प्रत्येकाला, पाळणा हलवणाऱ्या आजोबांनाही, ही कृती आलीच पाहिजे. झटका आपोआप ओसरला तरी तो त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावा, कारण त्यावरून शस्त्रक्रियेची तारीख अलीकडे आणली जाते.

निळ्या बाळाबाबत दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. पहिली लोहाची. प्राणवायूची उणीव भरून काढण्यासाठी या मुलांचे हिमोग्लोबिन इतरांपेक्षा जास्त असावे लागते. त्यामुळे तपासणीत ११ आले आणि कागदावर ते सामान्य दिसले, तरी या बाळासाठी ते कमी असू शकते. लोह कमी असले की झटके वाढतात. दुसरी गोष्ट जुलाबाची. या मुलांचे रक्त दाट असते. जुलाब-उलटीने पाणी कमी झाले की गुठळी होण्याचा धोका वाढतो. जलसंजीवनी लगेच सुरू करावी आणि लघवीचे औषध चालू ठेवायचे का, हे फोनवरून का होईना विचारून घ्यावे.

हृदयविकार आहे म्हणून लसीकरण टाळणे ही मोठी चूक ठरते. साध्या सर्दीचा न्यूमोनिया याच बाळांत लवकर होतो, म्हणून न्यूमोकोकल लसीसह सर्व लसी वेळेवर द्याव्यात आणि सहा महिन्यांनंतर इन्फ्लुएंझाच्या लसीबद्दल विचारावे. शस्त्रक्रियेच्या तारखेजवळची किंवा रक्त चढवल्यानंतरची लस काही काळ पुढे ढकलावी लागू शकते. बारशाच्या सुमारास कान टोचण्याची आपल्याकडे रीत आहे. त्वचेवाटे रक्तात शिरलेले जंतू सदोष हृदयात घर करू शकतात, त्यामुळे कान टोचण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. विधी काही महिन्यांनी केला म्हणून बिघडत नाही. पहिला दात आल्यापासून तो स्वच्छ ठेवण्याचे कारणही हेच.

खर्च आणि वाटा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि जन्मजात हृदयदोष त्यातील आजारांत समाविष्ट आहे. आशा कार्यकर्ती, अंगणवाडीला भेट देणारे आरोग्य पथक किंवा जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांपैकी कोठूनही या वाटेवर प्रवेश मिळतो आणि तेथून संलग्न रुग्णालयात पाठवले जाते. केरळने २०१७ मध्ये सुरू केलेली ‘हृद्यम्’ योजना याच कल्पनेचा पुढचा टप्पा आहे. तेथे बाळाची नोंद संगणकावर होताच कोणत्या रुग्णालयात जागा आहे ते पाहून त्याला पाठवले जाते. इतर राज्यांनी उचलावी अशी ही पद्धत आहे.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि योजनेत सहभागी राज्यांतील संलग्न रुग्णालयांत ते कार्ड चालते. इंदूर, हैदराबाद किंवा बंगळूरु येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे विशेष उपयोगाचे आहे. महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. छत्तीसगडमधील नवा रायपूर, हरियाणातील पलवल आणि नवी मुंबईतील खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयांत मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. हृदयशस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला व त्याच्या एका सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे; त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. या साऱ्यासाठी बाळाचा जन्मदाखला हवा असतो आणि तोच बहुधा तयार नसतो. निदान झाल्या दिवशीच त्यासाठी अर्ज करावा. इकोच्या अहवालाच्या, औषधांच्या चिठ्ठीच्या आणि वजनाच्या नोंदीच्या प्रती एका पिशवीत, आणि त्यांची छायाचित्रे दोघांच्याही मोबाइलमध्ये असावीत. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांसमोर त्यांचाच उपयोग होतो.

शस्त्रक्रियेनंतर घरी आणलेल्या बाळाला सुमारे सहा आठवडे काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून उचलावे, म्हणजे छातीच्या हाडावर ताण येत नाही. जखमेतून पाणी येणे, ताप, दूध सोडणे यांपैकी काही दिसल्यास तत्काळ कळवावे. मान धरणे, बसणे, बोलणे यांत काही मुले मागे राहतात. त्यांची नियमित तपासणी करून घेतल्यास व्यायामाने आणि खेळाने ही तूट बरीच भरून निघते. केवळ एकच कप्पा काम करणाऱ्या हृदयाच्या मुलांवर मात्र टप्प्याटप्प्याने दोन-तीन शस्त्रक्रिया होतात, पहिली कधी जन्मानंतर लगेच तर शेवटची तीन ते पाच वर्षांच्या वयात. तेव्हा या पालकांनी पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ‘सुटलो’ असे समजू नये.

राहता राहिला दोष कोणाचा, हा प्रश्न. ग्रहण पाळले नाही, जड उचलले, अमुक खाल्ले, असे ठपके आईवर येतात आणि ती ते निमूट सोसते. हृदयाची घडण गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत पूर्ण होते. अनेक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याची नीट खात्रीही पटलेली नसते. बहुसंख्य बालकांत निश्चित कारण सापडत नाही. आईला गर्भारपणी झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधे, जवळच्या नात्यातील विवाह आणि डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतील बदल ही ज्ञात कारणे होत. पुढील अपत्यालाही असा दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ५ टक्के असते, म्हणजे ती वाढलेली असली तरी बहुतेक पुढची भावंडे निरोगी जन्मतात. त्या गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्यावा. गंभीर दोष आढळल्यास प्रसूती कोठे करायची ते आधी ठरवता येते, आणि बाळाला रुग्णवाहिकेतून नेण्याऐवजी आईच्या पोटातच सुरक्षितपणे योग्य रुग्णालयात पोहोचवता येते.